ताप आला तो धोंडूला

आमच्या खानदेशात मुदतीच्या तापाने, म्हणजे टायफॉइडने, ज्या घरचे कोणी नेले नाही असे घर शोधावे लागते. आज ज्यांच्याकडे कोणी खाट धरून आहे, त्यांना चार गोष्टी उपयोगी पडाव्यात म्हणून हे लिहायला घेतले आहे. पण आधीच सांगून ठेवतो, की माझ्या आजारातले निम्मे मला स्वतःलाच कळलेले नाही. मी गणिताचा माणूस. डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी झाली की मला झोप येते. या प्रकरणात ती अजून झालेली नाही.

सुरुवात आजारापासून न करता एम.ए.च्या अर्जापासून करतो, कारण घोटाळा तिथे उघड झाला.

बी.ए.ला मला पास क्लास मिळाला. पहिला वर्ग मिळणार अशी प्राध्यापकांची खात्री होती, आणि माझी त्यांच्याहून जास्त. पुण्यालाच राहून गणितात एम.ए. करायचे हे मी मॅट्रिकपासून ठरवून बसलो होतो. पास क्लासवाल्याला तिथे सहसा जागा देत नसत. प्राध्यापकांनी वाट काढली. म्हणाले, "अर्जात कारण लिहा. आजारी होतात ना? डॉक्टरांचा दाखला जोडा. पुढचं मी बोलतो."

यात अवघड ते काय? आजार खरा होता, दवाखाना खरा होता, डॉक्टर चांगले ठणठणीत होते. फक्त त्या दवाखान्यात वसंत रामचंद्र पाटील नावाचा रोगी कधी आलाच नव्हता.

सुपात मावेना

शेवटच्या वर्षाच्या दिवाळीला मी घरी आलो तो अंगात कणकण घेऊनच. आमचे गाव गिरणाकाठचे, एरंडोल तालुक्यातले. आधी काढे झाले, मग लंघन झाले, मग एरंडोलहून वैद्यबुवा आले. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबले आणि ओसरीवर जाऊन भाऊला हळूच सांगितले, की हा मुदतीचा ताप आहे. हळू सांगून काही उपयोग झाला नाही. दाराआड माय उभी होती, तिने ते ऐकलेच.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर घर आणि शेत त्यानेच ओढले. भाऊ आणि मी यांच्यात वयाचे एवढे अंतर का, तर मधले दोघे याच तापाने गेले. मी त्यांना पाहिलेले नाही. माय त्यांची नावे घेत नाही.

मूल जगत नसेल तर ते विकून टाकायचे, अशी आमच्याकडे तोड आहे. तान्ह्या पोराला सुपात घालतात. जिची सगळी पोरे जगलीत अशी एखादी बाई ओंजळ-दोन ओंजळी ज्वारी देऊन ते विकत घेते आणि दगड, धोंडा, उकिरडा असे काहीतरी नाव ठेवते. मग ते पोर तिचे. आई त्याला वाढवते, पण हक्क सांगत नाही. पुढे धोका टळला, म्हणजे बहुधा लग्नाच्या वेळी, ज्वारी परत करून पोर सोडवून घेतात.

ही तोड तान्ह्यांसाठी. मी मिशी फुटलेला, दाराला डोके आपटणारा, इंटरला बक्षीस मिळवलेला. पण मायने सूप काढले. शेजारची जनामाय कुंभारीण आली. मी सुपात मावणार नव्हतो, म्हणून दोघींनी माझे पाय तेवढे उचलून सुपात ठेवले. टाचांना बांबूचा गारवा लागला, तो मला अजून आठवतो. बाकी सगळे ऐकीव.

जनामायने ज्वारी ओतली आणि म्हणाली, "आतेपासून हाऊ मन्हा आंडोर. याना नाव धोंडू. याना ताप बी मन्हा घरना."

आंडोर म्हणजे आमच्याकडे मुलगा. मायने ती ज्वारी एका फडक्यात बांधली. मग ती खाटेपासून दूर जाऊन बसली.

नाव सांगा

ताप हटेना, तेव्हा भाऊने गाडी जुंपली आणि मला जळगावला एका दवाखान्यात नेले. दवाखान्याचे नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांनी माझे भलेच केले आहे आणि पुढचे वाचून कोणी त्यांना हसावे असे मला वाटत नाही.

गाडीत मायने भाऊला बजावले, "तठे याना जुना नाव लेवानं नही. ताप त्याच नावले धुंडी ऱ्हायना."

भाऊ असल्या गोष्टींना मानणारा नव्हे. गावात कोणी अंगारा-धुपारा काढला की तो थट्टा करायचा. पण दवाखान्यात टेबलाशी बसलेल्या कंपाउंडरने रोग्याचे नाव विचारले, आणि भाऊ म्हणाला, "धोंडू. धोंडू दगडू कुंभार." दगडू हा जनामायचा नवरा.

मी त्याला पुढे एकदा विचारले, की तू शिकलासवरलास, तू तरी असे का केलेस? तो बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तू त्या येळले कसा दिखत व्हता, ते तुले माहीत नही."

पायऱ्यांवरची बाई

दवाखान्यातले दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. फिनेलचा वास. सकाळी तोंडात थर्मामीटर. खाटेच्या पायथ्याशी लटकवलेला कागद आणि त्यावरची चढणारी-उतरणारी रेघ. दूधपाणी, साबुदाण्याची पेज, चमचाभर मोसंबीचा रस. मला भरताच्या वासाने वेड लावले होते. वांगे कुठे भाजत नव्हते, तरी नाकात तोच वास. नर्स उशी उलटी करून गार बाजू गालाखाली द्यायची, त्याइतके मोठे सुख मी त्यानंतर फार थोड्या वेळा भोगले आहे.

तीच नर्स "धोंडू, ए धोंडू" करून हाका मारायची. धोंडू ओ देत नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे नाव धोंडू असावे आणि तो बहिरा असावा, असे मला वाटे. मला त्याची कीव यायची. नर्सने कागदावर लिहिले, की रोग्याला ऐकू कमी येते.

उशाशी जनामाय असायची; तीही गाडीतून आमच्याबरोबर आली होती. डोक्यावरच्या घड्या तीच बदलायची आणि "मन्हा आंडोर" म्हणून तीच कुरवाळायची. ती आमच्या घराशेजारी राहते, गाडगी-मडकी करते, हे मला कळत होते. ती माझी आई कशी झाली हे कळत नव्हते. गणितातली एखादी पायरी गाळून एकदम उत्तर लिहावे, तसे काहीतरी झाले होते.

दाराबाहेर पायऱ्यांवर एक बाई दिवसभर बसलेली दिसे. पदर तोंडावर ओढलेला. ती कधी आत येत नसे. एकदा मी जनामायला विचारले, "ती कोन शे?"

जनामायने दाराकडे पाहिले. म्हणाली, "कोनी नही रे. आपला गावनी बाई शे."

ती माय होती. विकलेल्या पोराभोवती तिने घुटमळायचे नव्हते, म्हणून ती पायऱ्यांवर बसून होती. माझा प्रश्न तिने ऐकला. मी बरा झाल्यावर तिनेच मला हे सांगितले, आणि सांगताना ती हसत होती. मला हसू आले नाही.

डॉक्टरांचा प्रश्न

मग एका सकाळी ताप उतरला. अंग घामाने निथळले आणि डोके असे मोकळे झाले, की भिंतीवरची पाल न् पाल स्पष्ट दिसू लागली. डॉक्टर आले. पुण्याकडचे, मऊ बोलणारे गृहस्थ.

"काय, कसं वाटतंय? नाव काय तुझं?"

"वसंत."

डॉक्टरांनी खाटेच्या कागदाकडे पाहिले. "वडिलांचं नाव?"

"रामचंद्र पाटील."

"बरं. काय करतोस?"

"बी.ए.ला आहे. पुण्याला. गणित."

कुंभाराचा मुलगा बी.ए.ला कसा असेल, असे ते म्हणाले नाहीत. नर्सकडे पाहून हसले फक्त, आणि माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "पडून राहा."

मला राग आला. म्हटले, यांना पुरावा देऊ. आणि मी बायनॉमियल थिअरम म्हणायला लागलो. मला तो मॅट्रिकपासून पाठ. दोन पदे म्हटली, तिसऱ्याला अडलो. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. माझे तोंड उघडे आणि पुढे काही नाही. डॉक्टर मान हलवत होते. त्यांची समजूत पक्की होत होती, आणि खरे सांगायचे तर माझीही डळमळायला लागली होती. तिसरे पद येत नाही तो बी.ए.ला असेल कसा? वसंत पाटील मला तापात दिसलेला कोणी असेल तर?

इतका घाबरलो नव्हतो मी तापातसुद्धा. पोरके वाटणे म्हणतात ते काय, हे मला त्या दुपारी कळले.

डॉक्टर रोज येत आणि तेच विचारत. मी रोज तेच सांगे, आणि मायच्या धाकाने भाऊ आणि जनामाय धोंडूवरच ठाम राहत. ताप नाही, नाडी बरी, पण रोग्याला स्वतःची ओळख नाही, म्हणून घरी सोडता येत नाही, असे चालले. तिकडे पुण्याला माझी सहामाही बुडत होती. शेवटी भाऊ खाटेशी वाकला आणि पुटपुटला, "धोंडू सांग. घर जाऊत."

तेव्हा मला पहिल्यांदा समजले, की तो बहिरा शेजारी मीच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नाव विचारले. मी म्हणालो, "धोंडू दगडू कुंभार."

"शाबास," डॉक्टर म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. मला त्याच दिवशी सोडले.

दाखला

घरी आल्यावर केस गळाले. ते पुन्हा येतात, घाबरू नये. भूक राक्षसासारखी लागते; तिला लगेच कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी देऊ नये, माय देत नव्हती तेच बरोबर होते. पण डोक्याचे काय, हे मला कोणी सांगितले नाही. पुस्तक उघडले की ओळी कळायच्या आणि पान उलटले की मागचे जायचे. घरात सगळे मला धोंडूच म्हणत होते, माय तर जपून म्हणे. परीक्षेच्या हॉलमध्ये हजेरीला माझे नाव दोनदा पुकारावे लागले. मी कोण ओ देतो ते पाहत बसलो होतो.

असा तो पास क्लास.

अर्जासाठी दाखला आणायला मी जळगावला गेलो. कंपाउंडरने शोधून सांगितले, की पाटील कोणी नाही. मी म्हटले, धोंडू कुंभार पाहा. तो म्हणाला, "तो आहे. पण दाखला त्याला मिळेल. तुम्ही कोण त्याचे?"

इतक्यात डॉक्टर बाहेर आले. मला पाहताच त्यांचा चेहरा खुलला. "अरे धोंडू! छान भरलास की अंगाने!"

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, मी वसंत पाटील. बी.ए. झालो. आजारपणाचा दाखला हवाय, एम.ए.च्या अर्जासाठी."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझे मनगट धरले, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि अगदी हळू आवाजात विचारले, "बरोबर घरचं कोणी आलंय का?"

मी सगळे सांगितले. सूप, ज्वारी, नाव. सांगताना माझ्याच कानांना ते वेड्यासारखे वाटत होते. डॉक्टर ऐकत होते, पण रोग्याचे ऐकावे तसे. शेवटी म्हणाले, "मी ज्याला औषध दिलं त्याच्यासाठी सही करीन. तो तूच, हे तुझ्या आईने येऊन सांगू दे. जी कोणती असेल ती."

माय नाही म्हणाली

मायला सांगितले. ती भाकरी थापत होती. तिने वर पाहिले नाही.

"मी नही येवाव."

"का पण?"

"तठे तो कागद शे. त्या कागदवर ताप लिखेल शे. त्यानामोरे तुन्हा नाव लिधं म्हणजे तापले घर दखाडं."

मी चिडलो. ताप कागदात राहत नाही, तो जंतूंनी येतो, ते पाण्यातून पोटात जातात, असे बरेच बोललो. बोलणे बरोबर होते. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली.

"तुन्हा पहिले दोन जनंसना नाव मी हाका मारीमारी घी ऱ्हायंतू," ती म्हणाली. "दोन्ही येळले ताप लई गया. माले भेव लागस रे."

मला जागा हवी होती. ती गेली तर उरलेला जन्म भाऊच्या हाताखाली कापूस मोजण्यात जाणार, हे मला दिसत होते. आणि मायला मी हवा होतो, कोणत्याही नावाचा. दोघांचे खरे होते. कोणाचे जास्त, हे मला तेव्हाही ठरवता आले नाही.

सोक्षमोक्ष जनामायने लावला. कुंपणापलीकडून तिने सगळे ऐकले होते. मातीने भरलेले हात तसेच घेऊन ती आली आणि म्हणाली, "इकत मी लिधा. याले कोठे धाडानं ते मी ठरावसु. याले शिकाले जावानं शे तर जाऊ दे. चाल माय, तुन्ही ज्वारी काढ."

ज्वारी

डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघे उभे होतो. पायऱ्यांच्या आत माय पहिल्यांदाच आली होती.

"या मुलाची आई कोण?" डॉक्टरांनी विचारले.

"मी," जनामाय म्हणाली. "थोडा दम धरा."

मायने पदराखालून फडके काढले. गाठ सुटेना, तिने ती दातांनी सोडवली. जनामायने आपला पदर पसरला आणि मायने त्यात ज्वारी ओतली. काही दाणे डॉक्टरांच्या टेबलावर उडाले. तीच ज्वारी, घरात दाणे कमी असतानाही तिने ती दळली नव्हती.

"मन्ही ज्वारी माले भेटनी," जनामाय म्हणाली. "लई जाय तुन्हा आंडोर."

माय माझ्याकडे वळली. तिने माझा चेहरा नीट पाहिला, दिवाळीपासून पाहिला नसल्यासारखा. मग अगदी हळू, त्या कागदाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, म्हणाली, "वसंत."

मला रडू आले. मी ते लपवले नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "म्हणजे त्या सकाळी तू शुद्धीवर होतास."

"नाव सांगताना होतो," मी म्हणालो. "बायनॉमियलला नव्हतो."

ते हसले. त्यांनी जुना कागद काढून वाचला. 'रोग्यास स्वतःची ओळख नाही' असे त्यांच्याच अक्षरात लिहिलेले होते. मला म्हणाले, "हे दाखल्यात लिहू का? गुण का गेले ते यातच आहे. पण गणिताला प्रवेश देणाऱ्या समितीला हे वाचून काय वाटेल?"

मी विचार केला. लिहा म्हणावे तर अर्धे खोटे, नको म्हणावे तरी अर्धे खोटे. मी म्हणालो, "मला कळत नाही."

"मलाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी लिहिले, की वसंत रामचंद्र पाटील, जो येथे धोंडू या नावाने दाखल होता, त्यास मुदतीचा ताप येऊन तो दीर्घकाळ अशक्त होता. डोक्याविषयी काही लिहिले नाही. सही करून त्यांनी टेबलावरचे दाणे एकेक वेचले आणि जनामायच्या पदरात टाकले.

परतताना गाडीत माय माझ्या शेजारी बसली होती. दर थोड्या वेळाने ती माझ्या कपाळाला हात लावून बघायची.

ओ

मला जागा मिळाली. समितीत माझ्या आजाराविषयी कोणी काही विचारले नाही, फक्त दोन नावांविषयी विचारले, आणि प्राध्यापकांनी ते हसत हसत सांगितले म्हणे.

ज्यांच्या घरी ताप आहे त्यांना एवढेच सांगेन: पाणी उकळून द्या, घाई करू नका, आणि दवाखान्यात नाव सांगताना खरे सांगा. पण कोणी घाबरून दुसरे सांगितले, तर त्याला हसू नका. मी अजून हसू शकत नाही. औषधाने मी वाचलो हे मला माहीत आहे. पायऱ्यांवर बसलेल्या बाईने काय केले, ते मला मांडता येत नाही.

पुण्याला निघालो तेव्हा माय आणि भाऊ जळगाव स्टेशनवर आले होते. घरून निघताना ती मला वसंतच म्हणत होती. गाडी हलली आणि तिचा धीर सुटला असावा. इतकी माणसे, इतके अनोळखी डोळे, आणि मी एकटा निघालेला. तिने फलाटावरून सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "धोंडू! ओ धोंडू! सांभाळीसन जाय रे!"

डब्यातले लोक खिडकीकडे पाहू लागले, हा धोंडू कोण म्हणून.

मी डोके बाहेर काढले आणि पहिल्याच हाकेला ओ दिली.